चौथ्या मजल्यावरची गॅलरी

भाईंदर पूर्व, १२ जानेवारी २०२३

ती. बाबांस, निहारचा सा. न. वि. वि.

असलं काही फोनवर बोलायचं नाही हा तुमचा नियम, म्हणून लिहितोय. दर स्लॅबच्या काँक्रीटचे ठोकळे भरून, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून लॅबमध्ये दाबून बघतात. आमच्या साइटवर ठोकळ्यांना भरपूर सिमेंटचा वेगळा माल आणि स्लॅबला दुसराच. चौथ्या स्लॅबच्या खऱ्या मालाचा एक ठोकळा मी गुपचूप तपासला. निम्म्या भारालाच फुटला. आमचे मॅनेजर गुणवंत सर माल चांगला असल्याची रजिस्टरवर माझी सही मागतायत. हात धजत नाही. तुम्ही ठेकेदारांकडे तीस वर्षं सुपरवायझर होतात, काय करू ते सांगा.

आईच्या गुडघ्याला तेल तुम्हीच लावता म्हणे! ऐकून गंमत वाटली.

आपला,
निहार

म्हसळा, २० जानेवारी २०२३

चि. निहारास अ. उ. आ.

पत्र वाचून करमणूक झाली. घरात हरिश्चंद्र जन्मलाय, हे तुझ्या आईलाही वाचून दाखवलं. असल्याच सह्यांवर तू इंजिनिअर झालास, बाळा. तू नाही केलीस तर दुसरा करेल, आणि तू तिकडे खारी गावात मंदाच्या खोलीवर फुकटचं गिळत बसशील. माझी विधवा बहीण लोकांच्या पोळ्या लाटून चार वर्षं तुझा डबा भरतेय, तिची तरी लाज ठेव. सही कर आणि मोठा हो.

आशीर्वाद आहेतच.
बाबा

भाईंदर पूर्व, ८ मार्च २०२३

ती. बाबांस सा. न.

सही केली. लगेच बढती मिळाली, पुढच्या महिन्यात नाशिकची साइट.

पण आज विक्रीच्या यादीत तुमचं नाव दिसलं. मला चकित करायला फ्लॅट घेतलात, तोही चारशे दोन! बाबा, मी लिहिलं होतं ती हीच इमारत. त्या घराची जमीन आणि गॅलरी म्हणजे तोच चौथा स्लॅब. पाया पडतो, बुकिंग रद्द करा.

निहार

म्हसळा, २९ एप्रिल २०२३

चि. निहारास आशीर्वाद.

बरं झालं वेळेत कळवलंस. रद्द केलं तर पैसे कापतात, म्हणून फ्लॅट मंदाच्या नावावर करून दिला. खारीची खोली विकून तिने माझं सगळं चुकतं केलं. बिचारी रडली, पाया पडली, म्हणाली की दादा, असा भाऊ कुणाला मिळतो. आम्ही दोघं इथे गावीच बरे.

तिला काही कळवावंसं वाटलं तर जरूर कळव. रजिस्टरवर सही कुणाची आहे, तेही कळव.

बाबा

भाईंदर पूर्व, २१ नोव्हेंबर २०२४

चि. निहारास मंदाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. मोठा साहेब झालास, आता आत्या कशाला आठवेल! वास्तुशांतीला तुझी वाट बघबघ बघितली. दीड वर्ष भाड्याच्या खोलीत काढलं, त्याचं चीज झालं. शेजारच्या नीलमताईंना मी येता-जाता सांगते की ही बिल्डिंग माझ्या भाच्याने बांधलीय. म्हणून मला बिनघोर झोप लागते.

पोळ्यांचं काम गॅलरीतच मांडलंय. खाडीचा वारा छान येतो. पिठाचे मोठे डबे, दोन शेगड्या, हाताखाली तीन बायका. तू आलास की तिथेच तुझं पान वाढीन. वाळलायस का रे?

तुझी,
आत्या

नाशिक, २ डिसेंबर २०२४

ती. मंदाआत्यास सा. न.

पत्र मिळालं, खूप बरं वाटलं. कामामुळे इतक्यात येणं जमणार नाही. पिठाचे डबे आणि शेगड्या आत घे. त्या बायकांनाही गॅलरीत बसवू नकोस, खाडीचा वारा सांध्यांना बाधतो. तुझा पलंग आतल्या भिंतीला लाव. पावसाळ्यात गॅलरीचं दार बंदच ठेव. कारण विचारू नकोस, आत्या, एवढं ऐक.

माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझाच,
निहार

ता. क. ही बिल्डिंग मी बांधली, असं नीलमताईंना यापुढे सांगू नकोस.