आधी कंदील सोडायचा

आण्णा, तुमाला जाऊन चाळीस वर्सं होऊन गेली आन मी आज तुमाला लिवायला बसले, त्याचं कारण एक खेळ हाय. पत्त्यांचा न्हाई, सोंगट्यांचाबी न्हाई, कॉम्प्युटरवरचा. माझा लेक शाळेत असताना तो खेळायचा, म्हंजे खेळ जुनाच. आता त्याच्या पोरीनं तो कुठनं तरी शोधून काढलाय. मी साताऱ्याला त्यांच्याकडंच असते. नात बारा वर्सांची, मे महिन्याची सुट्टी, बाहेर पाय ठेवू देत न्हाई असलं ऊन. मला म्हणली, "आजी, बस हितं, माऊस तू धर." माऊस म्हंजे मुठीत मावंल एवढं डबडं, ते सरकवलं की पडद्यावर एक बाण सरकतो. माझी शाळा चौथीपतोर, तुमाला ठावंच हाय. पण ह्या खेळाला शाळा लागत न्हाई, बोट लागतं. वाचायचं असतं ते नात वाचती.

कसं असतं सांगते. पडद्यावर चित्रं, हातानं रंगवल्यावानी. समुद्राकडंचं एक गाव, आन त्यात एक किडमिडा माणूस हुबा. आपण बाण नेऊ तिकडं तो चालत जातो. दारावर टिचकी मारली की दार उघडतो, खिडकीवर मारली की खिडकीबद्दल कायतरी इंग्रजीत बोलतो. मी पहिल्या दिवशी त्या गावातल्या एकूण एक वस्तूवर टिचकी मारली. मडकं, मांजर, चुलीवरचं भांडं, लोहाराच्या दारातला भाता, काय सोडलं न्हाई. नात वैतागली. "आजी, त्या खिडकीत कायबी न्हाई. अकरा वेळा तेच बोललाय तो." मी म्हणलं, बाराव्यांदा येगळं बोलला तर काय घ्या. मला नवल कशाचं वाटलं सांगू का, तो पडद्यावरचा माणूस वाट बघतो. आपण उठून मेथी निवडून आलो तरी बाबा तिथंच, डोकं खाजवत. कुणी घाई करत न्हाई, आन कुणी हात लावू नको म्हणत न्हाई. उलट हात लावल्याबिगर खेळ पुढंच सरकत न्हाई. दुसऱ्याच्या घरातली शिडी उचलून खिशात घालतो. शिडी, आण्णा, खिशात. मी म्हणलं, अगं मालकाला इचार तरी. तर म्हणली, "मालक घरी न्हाई. खेळात चालतं, आजी." मला काय ते पटलं न्हाई. पुढच्या चौकात मालक दिसला तशी मी त्याच्यावर टिचकी मारली, म्हणलं बोलंल कायतरी. तो हवापाण्याचंच बोलत बसला. तवा मी भातासुदिक उचलला.

तिसऱ्या दिवशी आमी अडलो. गिरणीच्या मागं एक तळघर, वर जड झाकण. झाकण काढून माणूस खाली उतरला, दोनदा खोकला आन आडवा झाला. मेला. त्या खेळात मेलं तरी माणूस परत झाकणापाशी येऊन हुबा ऱ्हातो, नव्यानं उतरायला. नातीला हसू आलं, मला आलं न्हाई. "अंधार हाय म्हणून असंल, आता दिवा देते," म्हणून तिनं त्याच्या हातात कंदील दिला. कंदील निम्म्यात इझला, माणूस परत आडवा. तिसऱ्यांदा ती त्याला उतरवायला गेली, आन मी तिच्या हातावर फाटकन मारलं.

पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. "आजी, मारलंस व्हय मला? खेळ हाय हा." मला तुमीच दिसाय लागला.

मी नऊ वर्सांची. आई भाकरी बांधून देती आन मी ती हरिपूरला तुमच्याकडं घेऊन येते. तुमी जमिनीतल्या हळदीच्या पेवांवर हमालीला. धोतर पिवळं, भुवया पिवळ्या, भाकरी मोडली की तिच्यावर पिवळी बोटं उमटणार. त्या दिवशी तुमी एका पेवाचं तोंड नुकतंच उघडलंय, गडी सावलीला बसून तंबाखू मळत्यात. मी भाकरी खाली ठेवते आन पेवाच्या तोंडाशी पालथी पडते. तुमी कुठनं आलात ते कळलंच न्हाई. वेणीला धरून मागं ओढलंत आन थोबाडीत दिलीत, चारचौघांत. का मारलं ते सांगितलं न्हाई. सांजच्याला भडंगाची पुडी आणून माझ्या पुढ्यात ठेवलीत, मी तिला शिवले न्हाई. आठ दिवस तुमच्याशी बोलले न्हाई आन तुमी बोलायला लावलंबी न्हाई. पुढं मोठेपणी आतल्या कोंडलेल्या हवेचं कळलं, पण मग दोन शब्दांत सांगायचं की. चारचौघांत का मारलंत, हे माझ्या मनात राहिलं ते राहिलंच. परवा माझाच हात उठला, आन मला कळलं की हात आधी उठतो, शब्द मागनं येत्यात, कवा कवा येतच न्हाईत.

म्हणलं, आपण तरी सांगू. नातीचा हात चोळत तिला पेव सांगितलं. जमिनीतली खोल कोठी, तोंड बारकं आन पोट मोठं, आत हळद भरून तोंड बंद करायचं. उघडल्यावर आतल्या हवेनं माणूस गुदमरून मरतो, म्हणून आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा. कंदील इझला तर माणूस उतरायचा न्हाई. तुला दाखवलं असतं, पण महापुरात पेवं ढासळली. पोरीनं पडद्यावरच्या कंदिलाकडं बघितलं. मग म्हणली, "म्हंजे कंदील त्याच्या हातात द्यायचाच न्हाई?" तिनं त्याच्या खिशातल्या दोरीवर टिचकी मारली, मग कंदिलावर. दोन्ही जोडलं गेलं. कंदील खाली गेला, इझला, आन तो किडमिडा माणूस मान हलवून म्हणाला, हितं मी उतरणार न्हाई. आण्णा, मला त्याचा मुका घ्यावा वाटला.

आता पुढं काय करायचं ते मला म्हाईतच होतं, तुमी करायचा तेच. तोंड उघडं ठेवायचं आन हवा खेळू द्यायची. मी नातीला उठवलं. पडदा तसाच चालू ठेवला, सहा भाकरी थापल्या, वांगं केलं, जेवलो, मग कंदील सोडला. इझला. "आजी, ह्यांच्या गावात वारा सुटत न्हाई," नात पोट धरून हसली, "दोन तास आपण ह्या बाबाची हळद निवत ठेवली." पण तिचं ध्यान मी उचललेल्या भात्याकडं गेलं. भाता लावला, फुसफुस झाली, आन ह्यावेळी कंदील तळापतोर जळत गेला. मग तो उतरला. खाली काय हाय म्हणून नात पुढं वाकली. मी त्याला वर बघायला लावलं. वर टिचकी मारली की तो वर बघतो, आन चित्रात तळघराचं तोंड दिसतं, वाटोळं, आभाळाची एक भाकरी. नात म्हणली, "तुला कसं कळलं वर बघायचं?"

तिला मी काय सांगितलं न्हाई. हे पान तिच्याच वहीत ऱ्हाईल, तुमाला धाडायचं कुठं. म्हणून तुमाला सांगते. तुमी मला मारलंत त्याच्या आदल्या दिवशी तुमी भाकरी खात होता तवा मी रिकाम्या झालेल्या पेवात दोर धरून उतरले होते. खाली गार होतं, हळदीचा वास नाकात बसलेला, आन वर एवढंसंच आभाळ. परत वर आले, कुणालाच कळलं न्हाई. मला लय आवडलं होतं, आण्णा. दुसऱ्या दिवशी तुमाला वाटलं पोरगी वाकून बघतीया. मी बघत नव्हते. खाली उतरायला दोर कुठं बांधलाय ते चाचपत होते.