आपल्या गावचा आकडा

बाबा,

आधी तुमच्या दुखऱ्या गुडघ्यांना नमस्कार, मग तुम्हाला. मी मजेत आहे. तोक्योत थंडी पडलीय, पण आईचा गळपट्टा आहे.

जुन्या भूकंपाचा धक्का कुठल्या गावाला किती जोराचा बसला, याच्या निरनिराळ्या अभ्यासांतल्या नोंदी एकत्र करून आम्ही नकाशा बनवतोय. काल आपलं इशिमोरी आलं. एका अभ्यासात सहा, दुसऱ्यात चार. मुनाकाता सर म्हणाले, "पाच लिही आणि पुढे चल."

मी म्हटलं, "सर, गाव तेव्हा नदीकाठी होतं, ते जमीनदोस्त झालं. टेकडीवर नुसतं देऊळ होतं, तिथले फक्त दिवे हलले. उरलेली माणसं वर राहायला गेली, गावाचं नावही सोबत घेऊन गेली. ही दोन ठिकाणं आहेत."

"पुरावा?"

"ओबोनच्या सणाला आम्ही पितरांना घरी आणायला टेकडी उतरतो. थडगी अजून खालीच आहेत."

सर तडकले. "मार्चमध्ये तुझा करार संपतोय, विसरू नकोस."

विसरले नाही. तरी खाली सहा, वर चार असंच लिहिलं आणि सही ठोकली. तिथं नदीकाठी शाळा बांधायला निघालेत, आणि बघणार आमचाच नकाशा!

वरिष्ठांशी वाकडं घेऊ नये, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. ते राहू द्या, तुम्ही तरी कुठे पाळलंत? गुडघे साथ देत असतील तर खाली जाऊन थडग्यांचे फोटो काढा, मृत्यूची तारीख दिसेल असे. सगळ्यांवर एकच आहे.

आईला कराराचं सांगू नका. ती जेवतेय ना नीट?

खाली माणसं मेली, वर दिवे हलले. पाचचा धक्का कुणालाच बसला नव्हता, बाबा.

तुमच्याच वळणावर गेलेली,
चिहारू