वेगळ्या खोलीचे पेढे

८ सप्टेंबर
आमच्या अमोलला बढती! फरीदाबादेत पंपांच्या कारखान्यात आहे नातू माझा. आता मशीन नाही. वेगळी खोली, खुर्ची, पंखा, काम शून्य, पगार तोच. सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. इथले पेढे म्हणजे साखरच साखर, पण असो.

१० सप्टेंबर
बढती नव्हे, शिक्षा आहे ती. युनियनचा मेंबर झाला म्हणून गोदामामागे एकटा बसवलाय. कंटाळून नोकरी सोडावी, हा बेत. मी म्हटलं, याला कायदा नाही? "आहे गं आजी. युनियनमध्ये गेला म्हणून कामगाराला त्रास देता येत नाही. पण आमचे मॅनेजर भाटियासाहेब म्हणतात, युनियनचा काय संबंध, आम्ही फक्त जागा बदलली. सिद्ध कसं करू?" भरीत होतं, आवडीचं. शिवला नाही.
आणि पेढे तर वाटून बसले मी.

१७ सप्टेंबर
कारखान्यात विश्वकर्मापूजा. घरच्यांना बोलावणं असतं. नऊवारी नेसून गेले — बघणारे बघेनात का. पेढेही नेले. सासूबाई म्हणायच्या, माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की पोटातलं तो आपणहून बोलतो. भाटियासाहेब टिळा लावून मधोमध उभे. पेढा दिला, माझ्या हिंदीत म्हटलं, "साहेब, हमारे अमोलको अलग कमरा दिया, बहुत उपकार."
फुलले. चारचौघांकडे बघत म्हणाले, "माताजी, आपका पोता यूनियन वाला है! इनको हम स्पेशल बिठाते हैं. जब तक यूनियन नहीं छोड़ेगा, आराम करेगा." सगळे खो खो हसले. मीही हसले.
सूनबाई, रेवती, पूजेचा व्हिडिओ काढत होती. बंद करायला नेहमी विसरते. मी कधी रागावत नाही तिला.

३ ऑक्टोबर
लेबर ऑफिसात व्हिडिओ लावला. भाटियासाहेब म्हणे, "अरे, मज़ाक था." ऑफिसरबाई म्हणाल्या, "एक बार और चलाइए." माझी नऊवारी छान दिसते म्हणे त्यात.

१४ ऑक्टोबर
अमोल परत मशीनवर. भरीत दोनदा वाढून घेतलं.

२० ऑक्टोबर
गोदामामागच्या खोलीत आता भाटियासाहेब बसतात. कंपनीनेच बसवलं. अमोलला हळूच विचारत होते, "यार, यूनियन में मेरा नाम लिख लोगे?" पण तो कायदा साहेबलोकांना लागत नाही म्हणे.
उद्या डब्यात थोडं भरीत जास्त देईन. पेढे नकोत.