गिरजेसाठी घेतलेली कॅराव्हॅन

मंगळवार, रात्र. हट्टा.

वारंगा फाट्याच्या मिस्त्रीला आज कॅराव्हॅन दाखवून आणली. टायर वरून नवे दिसतात, पण गाडी उभी राहून राहून बाजूनं चिरलेत. एसीचा पार्ट पुण्याहूनच मागवावा लागन म्हणे. छतही गळतंय. "काका, जुनी गाडी घेताना खालून बघावं लागतं," म्हणाला. आता सांगून काय उपयोग. मी आतून बघितली होती. गुळगुळीत लाकूड, छोटी शेगडी अन् दोघांचा पलंग.

गिरजेला एकदा समुद्र दाखवायचा, हे नोकरीभर मनात होतं. ती मात्र अजून गाडीची पायरी चढली न्हाई. आज शेवटी विचारलंच, काहून?

भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, "बापाच्या मेंढरांमागं लहानपण गेलं. रोज नवं रान, घोड्यावर बिऱ्हाड. एका जागी चूल मिळाली ती तुमच्या घरात. अन् तुमी चाकावरची चूल घेऊन आलात."

मेंढरांचं मला माहीत होतं. बाकीचं तिनं कधी सांगितलं न्हाई, का मलाच ऐकू आलं न्हाई?

विकायची म्हटलं तर हिंगोलीत घेणार कोण? जेवण झाल्यावर रागानं गाडीतच येऊन पडलो. एवढा खर्च केलाय, कुणीतरी झोपायला पाहिजे. तिनं बोलावलं न्हाई. आता घरातला दिवाही मालवला.

पलंग खरंच ऐसपैस आहे. तरी मी सवयीनं भिंतीकडंच सरकून लिहून राहिलो.