जंगलात वाळत घातलेली चादर

ता. ९, सोमवार

चि. भाऊ,

अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने आम्ही सारी खुशाल आहोत, तूही असशील. पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे म्हणून हसू नकोस. चांगला कागद उगाच कशाला खर्ची घालायचा? फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे ताई" म्हणतोस, म्हणून पत्र.

आईचे गुडघे धरतात, पण भूक चांगली आहे. विहिरीला पाणी आहे. अंगणात ओंडके पडलेत, त्यामुळे चालायला जरा अडचण होते.

ओंडके कसले, ते सांगायला हवं. गेल्या हंगामात खरेदी केंद्रावरच्या कारकुनाने आपली कॉफी परत पाठवली, हे तुला ठाऊक आहे. तुमच्या ऑफिसने उपग्रहाच्या फोटोंवरून जो नकाशा केला, त्यात आपली बाग जंगल म्हणून रंगवली आहे, आणि जंगलातला माल बाहेरचे व्यापारी घेत नाहीत. मी म्हटलं, "बाग जर जंगल, तर आम्ही कोण, माकडं?" तो म्हणाला, "माझ्यावर कशाला चिडता बाई? वरून तसंच दिसतं."

वरून बघणारा एकच, असं धरून मी आजवर वागले. त्याला झाडाखालचंही दिसतं. तुमच्या यंत्राला नुसते शेंडे दिसतात, त्याखाली बाबांनी लावलेली कॉफी दिसत नाही.

तेव्हा फोनवर तू म्हणालास, "सावली एवढी दाट नसती तर दिसलं असतं गं." तू सहज बोललास, तुझ्या दाजींनी ते धरून ठेवलं. आठवड्याभरात सावलीची निम्मी झाडं आडवी केली. मी "थांबा" म्हटलं, तर म्हणाले, "तुझा भाऊ शिकलेला माणूस. तो काय उगाच बोलतो?" आता कॉफीची पानं करपायला लागली आहेत. आणि परवा केंद्रावर नवा नकाशा आला. आपल्या बागेचा हिरवा रंग जाऊन लाल झालाय. कारकून म्हणाला, "जंगलतोड." म्हणजे नसलेलं जंगल आधी आमच्या पदरात घातलंत, आणि मग ते तोडल्याचं पापही.

हेही सोसलं असतं. पण कारकुनाला काय वाटलं कोण जाणे, त्याने संगणक माझ्याकडे वळवला. "तिथे जंगलच होतं, अशी प्रत्यक्ष पाहणी झालेली आहे बाई. हा बघा फोटो." खाली तुझं नाव. फोटो ओढ्याच्या पुलावरून काढलेला. झाडंच झाडं. आणि खोडांच्या मधे, दोरीवर, आईची पिवळी चादर.

भाऊ, जंगलात चादर कोण वाळत घालतं रे?

मी घरखर्चाच्या वहीत एक आकडा खोडला तरी शेजारी सही करते, आणि ती वही माझ्याशिवाय कुणी बघत नाही.

पुलावर उभं राहून हाक मारली असतीस तर मी चहा टाकला असता. का नाही आलास, ते मला कळत नाही असं समजू नकोस. मागच्या खेपेला निघताना मी म्हटलं होतं, "पुढच्या वेळी आईला थोडे दिवस घेऊन जा." तेवढं टाळायला तू बाबांची बाग जंगल करून टाकलीस.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. भाऊ आपल्याला वरून बघतो, एवढंच तिला माहीत. सकाळची प्रार्थना झाली की ती बागेच्या वाटेवर खुर्ची टाकते आणि आभाळाकडे बघून हात हलवते. झाडं पडली त्या दिवशी मी रडत होते, तर मला म्हणाली, "बरं झालं गं. आता तरी दिसेन मी त्याला." आता तिथे ऊन असतं, तरी उठत नाही. छत्री दिली तर मिटून मांडीवर ठेवते.

पाहणी ज्याने केली त्यानेच पुन्हा येऊन चूक लिहून दिली, तर लाल रंग निघेल, असं कारकून म्हणतो. नाही निघाला तर यापुढे आपल्या बागेचा एक दाणाही कुणी घेणार नाही. म्हणून ये. आईला ने, असं मी म्हणणार नाही, देवाशपथ. फाटक उघडं ठेवीन. बागेत शिर, कॉफी बघ, लिहून दे आणि जा.

वाटेत तिची खुर्ची लागेल. तेवढी मात्र तुला ओलांडावी लागेल.

पुलापासून हाकेच्या अंतरावर राहणारी,
तुझी ताई