अण्णा टोपलीत बसले

१२ सप्टेंबर १९८२
अण्णाही येणार — येणार म्हणजे येणारच!

दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जायचं मी ठरवलं. मुंबईच्या एका सहल कंपनीचा गट. विमानानं लुक्ला, पुढे शेर्पा गाईडबरोबर चालत एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत. इतकी वर्षं मुलींना फळ्यावर खडूनं हिमालय काढून दाखवतेय. एकदा डोळ्यांनी बघायचाय. आणि पायथ्याचा दगड आणून भूगोलाच्या वर्गात ठेवायचाय. मुलींना तसा शब्द दिलाय.

यात वडील कुठून आले? म्हणे, लेक एकटी परमुलखात आणि मी काय हितं तालमीत गप्पा हाणत बसू? वय सदुसष्ट! पैलवान होते हे खरं. पण कधी!

३ ऑक्टोबर
सरावाला पन्हाळा. अण्णा माझ्या आधी वर!

झुणका-भाकर वाढणाऱ्या बाईंना त्यांनी लगेच नुरा कुस्तीची गोष्ट ऐकवली. मला पाठ आहे. गडहिंग्लजच्या मैदानात त्यांना नुरा लढायला सांगितलं होतं — म्हणजे आधीच ठरवून मुद्दाम पडायचं. अण्णा लंगोट पिशवीत कोंबून सरळ एसटीत बसले. "खरंच पडलो असतो तर पडलो म्हटलं असतं. पण ठरवून पाठ लावायची? ह्या जन्मात न्हाय." बाईंनी खूश होऊन जादा ठेचा वाढला.

१५ नोव्हेंबर, नामचे बाजार
घरी आज लक्ष्मीपूजन असेल. इथे आम्ही गटात चकल्या वाटल्या. अण्णांनी गाईडला, दावाला, आपला खर्डा चाखवला. तो बिचारा पाणी पीत सुटला! तेव्हापासून दोघांचं मेतकूट जमलंय. अण्णा त्याला पावणं म्हणतात, तो त्यांना बा. एकाला धड हिंदी येत नाही, दुसऱ्याची हिंदी अजबच, तरी बोलणं संपत नाही. गटातले डॉक्टर गणपतराव, तेही कोल्हापूरचेच, ते ऐकून हसत असतात.

१८ नोव्हेंबर
डोकं जड. चहासुद्धा नकोसा. उंचीवर सगळ्यांनाच होतं. कुणाला सांगितलं नाही, उगाच बोभाटा.

१९ नोव्हेंबर, लोबुचे
उद्या पायथा! पेन धरवत नाही, थंडी फार. डोकं ठणकतंय. अण्णा ठणठणीत आहेत, घोरतायत. उद्या पायथा!

२० नोव्हेंबर, फेरिचे
संपलं. एका दिवसाच्या वाटेवरून परत.

सकाळी निघायच्या आधी दावानं जमिनीवर दोरी टाकून एकेकाला तिच्यावरून चालायला लावलं. पोरखेळ! माझा पाय दोनदा चुकला — बुटात खडा असणार. तो काहीतरी सांगायला आला, गणपतरावही आले. मी दोघांनाही खडसावलं : इतक्या लांब मागे फिरायला आलेले नाही.

मी बूट झटकत होते, तोवर अण्णा मटकन खाली बसले. छाती धरली. श्वास लागतोय म्हणाले. गणपतरावांनी नाडी बघितली आणि माझ्याकडे न बघताच मान हलवली. दावा म्हणाला, ताबडतोब खाली, आणि घरचं माणूस बरोबर पाहिजेच.

इथे आजाऱ्याला हमाल पाठीवरच्या टोपलीतून नेतात. टोपली आणली तेव्हा अण्णा तिच्याकडे बघत राहिले. "जितलेल्याला खांद्यावर घेत्यात," एवढंच म्हणाले. मग बसले आणि तोंडावर टॉवेल ओढून घेतला.

बाकीचे दुसऱ्या शेर्पाबरोबर वर गेले. मी टोपलीमागून उतरले, दावानं माझा दंड धरलेला. वाट निसरडी म्हणे. खाली येता येता माझं डोकं हलकं झालं. आणि संध्याकाळी अण्णा दोन ताटं डाळभात जेवले!

आजारी बापावर रागवू नये. पण मी रागावलेय.

२९ नोव्हेंबर, कोल्हापूर
शाळा उघडली. मुलींनी पहिल्याच तासाला दगड मागितला. वडिलांची तब्येत बिघडली म्हणून सांगितलं. त्यांचे चेहरे पडले.

शेजारच्या कालिंदीताईंनाही मीच सगळं सांगितलं होतं. ते तालमीपर्यंत पोचलं. तिथे आता अण्णांना टोपलीतला पैलवान म्हणतात. अण्णा हसतात म्हणे. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलते.

१९ डिसेंबर
गटाचा फोटो द्यायला गणपतराव आले. अण्णा तालमीत होते. मी म्हटलं, त्यांची छाती एकदा नीट तपासा.

"त्यांच्या छातीला काय झालंय, ताई?" गणपतराव म्हणाले. "दोरीवरून चालता आलं नाही ते तुम्हाला." उंचीचा परिणाम माझ्या मेंदूवर होत होता. आणखी वर नेलं तर जिवंत परत येणार नाही, असं दावानं अण्णांना सांगितलं होतं. मी तर कुणाचंच ऐकत नव्हते. तेव्हा अण्णा म्हणाले होते, "ती ऐकायची न्हाय. मग मीच पडतो."

संध्याकाळी अण्णा आले. मी दारातच विचारलं. चपला काढता काढता म्हणाले, "व्हय. नुराच ती. तालमीत बोलू नगंस." आणि हातपाय धुवायला मोरीत गेले.