यादीत नाव आहे

बारामती, मंगळवार

प्रिय अविराज,

तू पाठवलेलं हक्कसोडपत्र काल डेअरीच्या ऑफिसात मिळालं. वकिलाचा माणूस ते टेबलावर ठेवून म्हणाला, शुक्रवारी अकराला इंदापूरला सहीला या. तेव्हा मला मान वर करायला फुरसत नव्हती.

शनिवारी आमचा सर्व्हर जळाला. रविवारी नव्या मशीनवर बॅकअपमधून सगळी माहिती परत चढवली. एक लिटर इकडचं तिकडं झालं नाही म्हणून मी स्वतःवर खूश. काल सकाळी मात्र एकाही संकलन केंद्राला लॉगिन होईना. सणसरच्या केंद्रावरून दत्तोबांचा फोन, "मॅडम, पासवर्ड बरोबर हाय, पर आत घेत न्हाय. हितं दूध नासंल." मी लॉगिनची यादी बघितली, त्यांचं नाव होतं. पासवर्ड बदलून दिला, उपयोग शून्य. मॅनेजर म्हणाले, नाव पुसून नवं घाला. घातलं. दत्तोबा आत गेले, पण त्यांच्याच केंद्राच्या जुन्या नोंदी त्यांना उघडेनात. बारा वर्षं दूध मोजणारा माणूस, आणि मशीनच्या लेखी तो आजच कामाला लागला होता.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक नावामागे एक नंबर असतो, तो आपल्याला दिसत नाही. बॅकअपमध्ये जुने नंबर होते आणि नव्या मशीननं त्याच नावांना आपले नवे दिले. दोन्हीकडं नाव तेच, तरी ओळख पटेना. मग चौतीस नावं एकेक करून परत जोडली, दत्तोबांचं पुसलेलं जुनं नावसुद्धा बॅकअपमधून काढून. दुपारी त्यांचा फोन आला, "घेतलं बया आत." मी हसले, डबा खाल्ला आणि तुझा कागद उघडला.

आबा गेल्यावर सातबाऱ्यावर तुझ्याबरोबर माझंही नाव लागलं. मी मागितलं नव्हतं. गेल्या भाऊबीजेला करंज्यांचा डबा घेऊन लासुर्ण्याला आले, तर दाराला कुलूप. तुळशीमागं किल्ली बघितली. लहानपणापासून तिथंच असायची, नव्हती. शेजारच्या रंगूबाई म्हणाल्या, "श्रेयाच्या म्हायेरी गेल्यात समदी. तुला म्हायीत न्हाय व्हय?" मी म्हटलं, माहीत आहे, सहज आले. डबा त्यांनाच देऊन परतीची एसटी धरली. तू अजून विचारलं नाहीस, अक्का, आली का नाहीस म्हणून.

मला राग आलाय, अविराज, आणि तो जमिनीपायी नाही. हा कागद तू स्वतः आणला असतास तर चहा उकळायच्या आत सही केली असती. तुझ्या प्रगतिपुस्तकावर आबांच्या खोट्या सह्या मीच ठोकत होते की. पण तू माणूस पाठवलास. नाव पुसायला काही लागत नाही, आणि पुसल्यावर काय होतं ते मी कालच बघितलंय. म्हणून हे पत्र. शुक्रवारी मी येणार नाही. येत्या भाऊबीजेला येईन. हल्ली किल्ली कुठं ठेवता, तेवढं तोवर कळव.

तुझीच, अजून तरी,
अक्का